एकच प्रेल्यूड, चार कागद: शोपाँच्या ॲक्सेंट खुणा कशा वाचायच्या

क्लासच्या दुसऱ्या वर्षी मिसनी शोपाँ या पोलिश संगीतकाराची एक मझुर्का (पोलिश नाचावर बेतलेली पियानो-रचना) दिली. मी इंटरनेटवरून उतरवलेल्या जुन्या प्रतीची झेरॉक्स घेऊन बसले, मिसच्या समोर त्यांची स्वतःची प्रत. एका सुरावर मी चांगला दणका दिला. मिस म्हणाल्या, "इथे कुठे ॲक्सेंट आहे?" माझ्या कागदावर होता, म्हणजे सुरावर जोर द्यायची खूण होती. त्यांच्या कागदावर त्याच जागी लांबट हेअरपिन होती, आवाज हळूहळू कमी करायला सांगणारी. निकाल लावायचा म्हणून मी घरी येऊन तिसरी प्रत उघडली. तिच्यात त्या जागी काहीच नव्हतं.

त्यानंतरची तीनेक वर्षं मी या भानगडीत घालवली आहेत. मी संगीतशास्त्राची अभ्यासक नाही, चाळिशीनंतर पियानो शिकायला लागलेली बाई आहे. पण सुरुवातीला मी जे उलटसुलट केलं ते तुम्ही करू नये म्हणून ही रीत लिहून ठेवते. उदाहरणं मुख्यतः शोपाँची आहेत. त्याच्या बाबतीत मूळ कागद भरपूर उरले आहेत आणि ते घरबसल्या पाहताही येतात. शूबर्ट, शूमान, ब्राम्स यांच्याबद्दल शेवटी थोडं आहे.

सुरू करण्याआधी काय जवळ हवं

- तुम्ही वाजवत असलेल्या रचनेची एक आधुनिक उर्टेक्स्ट आवृत्ती (नंतरच्यांची भर वगळून मूळ स्रोतांवरून छापलेली), संपादकाच्या टीपांसकट. या टीपा कधी पुस्तकाच्या मागे असतात, कधी वेगळ्या पुस्तिकेत, तर कधी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर. टीपा नसलेलं उर्टेक्स्ट या कामाला अर्धंच उपयोगी.
- पहिल्या छापील आवृत्त्यांचे स्कॅन. 'शोपाँ ऑनलाइन' या मोफत संग्रहात ते मिळतात.
- हस्तलिखित उपलब्ध असेल तर त्याचं छायाचित्र किंवा फॅक्सिमिली.
- साधी पट्टी, तीन रंगांच्या पेन्सिली आणि प्रिंटआउट. मोबाइलवर झूम करून हे काम होत नाही. मी करून पाहिलं, डोळे गेले आणि माप चुकलं.
- एक पान भरेल एवढाच भाग. पूर्ण बॅलाड घेऊन सुरुवात करू नका.

१. आधी खुणांची नावं पक्की करा

तुम्हाला मुख्यतः पाच गोष्टी दिसतील. सुराच्या डोक्यावर किंवा खाली असलेली छोटी आडवी पाचर, हा नेहमीचा ॲक्सेंट. उभी टोपी, जी बहुतेक वेळा जास्त जोर मागते. लांब हेअरपिन, म्हणजे दोन रेघांची, उघडणारी (आवाज वाढवा) किंवा मिटणारी (कमी करा). 'एफझेड' आणि 'एसएफ' ही अक्षरं, म्हणजे त्या सुरावर एकदम जोर. आणि काळी उभी पाचर, जी स्टकॅटोच्या, म्हणजे तुटक वाजवायच्या सुरांच्या, घराण्यातली आहे, पण नवशिके तिला ॲक्सेंट समजतात.

शोपाँच्या हातून बहुतांशी 'एफझेड' येतं. तेव्हा एखाद्या आवृत्तीत सगळीकडे 'एसएफ' दिसलं तर संपादकाने आपल्या सवयीची अक्षरं घातली असण्याची शक्यता मोठी. अर्थ फारसा बदलत नाही. पण ज्याने अक्षरं बदलली त्याने आणखी काय बदललं असेल, ही शंका तिथेच मनात धरायची.

२. तुमच्या हातातला कागद कुणाचा आहे ते शोधा

मोफत मिळणाऱ्या जुन्या प्रती 'जुन्या' आहेत म्हणून मूळच्या जवळच्या आहेत असं नाही. माझी सगळ्यात पहिली चूक हीच होती. पिवळा पडलेला कागद, फ्रेंच शीर्षक, वेलबुट्टी. मला वाटलं हेच अस्सल.

शोपाँ १८४९मध्ये गेला. त्यानंतरच्या अर्धशतकात त्याच्या रचना ज्यांनी पुन्हा छापल्या त्यांत त्याचा शिष्य कारोल मिकुली होता (१८८०), क्लिंडवर्थ होता, शोल्ट्स होता. ही मंडळी उत्तम वादक आणि शिक्षक होती. विद्यार्थ्याला मदत व्हावी म्हणून ती आपल्याकडून बोटांचे आकडे, पेडल, स्लर (सूर जोडणारी कमान) आणि ॲक्सेंट घालत, आणि घातलेलं कुठलं नि मूळचं कुठलं हे बहुतेक वेळा कागदावर कळत नाही. मिकुली स्वतः शोपाँकडे शिकलेला, त्यामुळे त्याच्या खुणांना वजन आहे. पण ते वजन शिष्याच्या आठवणीचं आहे, शोपाँच्या लेखणीचं नाही. दोन्हींची सरमिसळ करू नका.

पियानोवादक पादेरेव्स्कीच्या नावाने ओळखली जाणारी पोलिश आवृत्ती १९४९पासून निघू लागली. पादेरेव्स्की १९४१मध्येच गेला होता, काम इतर संपादकांनी पुरं केलं. तिच्या मागच्या टीपा वाचनीय आहेत, पण मजकूर अनेक स्रोतांतून वेचून शिवलेला आहे. एका सुरावर हस्तलिखितातला ॲक्सेंट, पुढच्या सुरावर जर्मन छपाईतला, असं होऊ शकतं. यान एकिएर यांच्या संपादनाखाली झालेली पोलिश 'राष्ट्रीय आवृत्ती' २०१०मध्ये पूर्ण झाली, ३७ खंडांत. ॲक्सेंटच्या प्रश्नासाठी मला तीच सर्वांत उपयोगी पडली. कारण पुढे, पाचव्या पायरीत.

सापळा: पहिल्या आवृत्तीच्याही अनेक छपाया असतात. प्लेट (छपाईचा कोरलेला पत्रा) तीच, पानाच्या तळाशी आकडाही तोच, पण मधल्या काळात प्रकाशकाच्या माणसाने प्लेटवर दुरुस्त्या केलेल्या. स्कॅन कोणत्या छपाईचा आहे ते संग्रहाच्या वर्णनात वाचा, मुखपृष्ठावर विसंबू नका.

३. वंशावळ काढा, मतमोजणी करू नका

या लेखातली एकच पायरी वाचायची असेल तर ही वाचा.

शोपाँच्या बहुतेक रचना तीन देशांत जवळजवळ एकाच वेळी निघत: पॅरिसमध्ये (बरीच वर्षं श्लेसिंगर), लाइप्झिगमध्ये (पुढे मुख्यतः ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल) आणि लंडनमध्ये (वेसल). म्हणजे एकाच रचनेच्या तीन 'पहिल्या' आवृत्त्या. तिन्हींत ॲक्सेंट वेगवेगळे. मग आपण काय करतो? मोजतो. दोन ठिकाणी आहे, एका ठिकाणी नाही, म्हणजे आहे! मी याचे तक्ते केले होते. सगळे फेकून दिले.

आपल्याकडे पाठभेदाचं काम नवं नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती अनेक दशकं चालली होती. तिथला साधा नियम असा: शंभर प्रती एकाच प्रतीवरून उतरवलेल्या असतील तर ते शंभर साक्षीदार नव्हेत, एकच. एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या शाखा जुळल्या तर त्याला किंमत.

आता चोवीस प्रेल्यूड्स, म्हणजे छोट्या पियानो-रचना, घ्या, ओपस (प्रकाशन क्रमांक) २८. शोपाँ १८३८-३९च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर होता. २२ जानेवारी १८३९ला त्याने वाल्देमोसाहून पॅरिसला मित्र यूलियान फोंतानाला पत्र लिहिलं, त्याचा सारांश असा: प्रेल्यूड्स पाठवतोय, तू आणि वोल्फने नक्कल करा, नक्कल प्रोब्स्टला द्या, हस्तलिखित प्लेयेलला. प्रोब्स्ट म्हणजे ब्राइटकॉप्फचा पॅरिसमधला माणूस. प्लेयेल या पियानो बनवणाऱ्यामार्फत हस्तलिखित कातलँ या प्रकाशकाकडे गेलं आणि त्यावरून फ्रेंच आवृत्ती कोरली गेली. फोंतानाच्या नकलेवरून जर्मन. आणि लंडनची वेसलची आवृत्ती फ्रेंच आवृत्तीवरून.

कागदावर काढा: सर्वांत वर शोपाँचं हस्तलिखित (आज वॉर्साच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे). त्याच्या खाली दोन फांद्या. डावीकडे फ्रेंच, तिच्या खाली इंग्रजी. उजवीकडे फोंतानाची नक्कल, तिच्या खाली जर्मन.

आता एखादा ॲक्सेंट फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत आहे, जर्मनमध्ये नाही. दोन विरुद्ध एक? नाही. इंग्रजी फ्रेंचचीच सावली, म्हणून एक विरुद्ध एक. आणि मूळ हस्तलिखित समोर असल्यावर त्या एकेकालाही विचारायचं कारण नाही, हस्तलिखितात पाहा. जर्मनमध्ये जास्तीची खूण दिसली तर ती फोंतानाच्या हातून आली किंवा लाइप्झिगच्या कारागिराच्या.

मग फ्रेंच आवृत्तीत हस्तलिखिताहून वेगळं काही दिसलं तर? इथे पुन्हा थांबा. एरवी शोपाँ पॅरिसमध्येच राहत असल्याने फ्रेंच प्रुफं त्याच्या हाताखालून जाण्याचा संभव मोठा, आणि मग वेगळेपण ही त्याची दुरुस्ती असू शकते. पण १८३९च्या उन्हाळ्यात तो पॅरिसबाहेर, नोआँला होता, ऑक्टोबरमध्ये पॅरिसला परतला. म्हणून ओपस २८च्या फ्रेंच आवृत्तीतल्या जास्तीच्या ॲक्सेंटकडे मी संशयाने बघते, आणि त्याच प्रकारचा ॲक्सेंट दुसऱ्या एखाद्या ओपसच्या फ्रेंच आवृत्तीत दिसला तर आदराने. आवृत्तीचा दर्जा रचनेगणिक बदलतो. "फ्रेंच आवृत्ती चांगली" किंवा "जर्मन चांगली" असं सरसकट सांगणाऱ्याचं ऐकू नका.

उत्तरायुष्यात चित्र आणखी बदलतं. फोंताना १८४०च्या दशकात पॅरिस सोडून अमेरिकेच्या दिशेने गेला आणि हक्काचा नक्कलकार उरला नाही. शोपाँ मग स्वतःच एकाच रचनेची दोन-दोन, तीन-तीन हस्तलिखितं करू लागला. बार्कारोल, ओपस ६०, हे त्यातलं ठळक उदाहरण. इथे दोन कागद वेगळं बोलतात आणि दोन्ही त्याच्याच हातचे असतात. कुणी कारागीर चुकलेला नाही. एकदा असं लिहिलं, एकदा तसं, इतकंच. अशा ठिकाणी 'खरा ॲक्सेंट कोणता' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. एक कागद निवडा आणि त्या पानापुरतं त्याच्याशी प्रामाणिक राहा.

वेसलबद्दल जाता जाता. या गृहस्थाने शोपाँच्या रचनांना मनाने नावं चिकटवली. पहिल्या नॉक्टर्न्सना 'सेन नदीची कुजबुज', पहिल्या शेर्त्सोला 'नरकातली मेजवानी'. शोपाँ वैतागला होता. शीर्षकात एवढा हात मोकळा असणाऱ्या छापखान्यातली एखादी पाचर इकडची तिकडे झाली तर नवल नाही.

४. बारनिहाय तक्ता करा

रकाने: बार (दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा गट), हात, सूर, हस्तलिखित, प्रत्येक पहिली आवृत्ती, तुमची आवृत्ती. ओळीत फक्त खुणेचं वर्णन, अर्थ नाही. 'जोर' लिहू नका, 'पाचर, वरच्या ओळीच्या खाली' लिहा. अर्थ लिहिलात की पुढचे रकाने त्याच चष्म्यातून भरले जातात.

जागा नीट टिपा. पाच-पाच रेघांच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये असलेली पाचर उजव्या हाताची की डाव्याची? शोपाँच्या हातात ती कधी एका सुराला चिकटून असते, कारागीर ती जागेच्या सोयीने मध्यावर सरकवतो, आणि आधुनिक आवृत्ती दोन्ही हातांना वाटून टाकते. त्यामुळे बासमध्ये लपलेला एखादा सुंदर आवाज नाहीसा होतो आणि वरची चाल उगाच ओरडते.

५. लांब पाचर: ॲक्सेंट की डिमिन्युएंडो?

मिसचं आणि माझं भांडण इथलंच होतं.

शोपाँ हाताने लिहिताना पाचर वेगवेगळ्या मापांची काढतो. काही सुराच्या डोक्याएवढ्या, म्हणजे उघड ॲक्सेंट. काही अर्धा बार व्यापणाऱ्या, म्हणजे उघड डिमिन्युएंडो, आवाज हळूहळू कमी. आणि काही मधल्या: डोक्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, एका सुरापासून निघून पुढच्या एकदोन सुरांपर्यंत पोहोचणाऱ्या. यांना आता 'लांब ॲक्सेंट' म्हणतात.

छपाईत या मधल्या मापाचं काय झालं असेल ते समजायला छापखान्यात डोकवावं लागतं. धातूच्या मऊ पत्र्यावर उलटं कोरायचं काम. सुरांची डोकी, शार्प-फ्लॅट, अक्षरं यांचे पोलादी ठसे असत, हातोडीने ठोकायचे. काड्या, स्लर, हेअरपिन हाताने कोरायच्या. कारागिराच्या डोक्यात दोनच खाने: छोटी खूण किंवा लांब हेअरपिन. मधलं माप आलं की तो एका खान्यात टाकणार. पॅरिसच्या कारागिराने छोटी केली, लाइप्झिगच्या कारागिराने मोठी केली. दोघंही आपल्या परीने इमानदार! एकिएर यांच्या आवृत्तीत हे मधलं माप वेगळ्या लांबीने छापलेलं आहे आणि टीपांत त्याचा अर्थ दिला आहे: मुख्यतः भाव दाखवणारा जोर, साध्या ॲक्सेंटपेक्षा थोडा जास्त वेळ टिकणारा, छोटे सूर असतील तर दोनतीन सुरांवर पसरणारा. सगळे संपादक ही विभागणी मानत नाहीत. काही प्रत्येक जागी वेगळा निर्णय घेतात, आणि मोजपट्टीने भाव मोजता येत नाही हा त्यांचा आक्षेप रास्तच आहे.

तरी नवशिक्याला पट्टी उपयोगी पडते. मी असं करते:

पहिलं, त्याच पानावरचा निर्विवाद छोटा ॲक्सेंट शोधून त्याची लांबी मोजायची. तुलना नेहमी त्याच पानाशी, कारण घाईत लिहिलेल्या पानावर सगळंच ताणलेलं असतं. संशयित खूण त्याच्या जवळपास असेल तर विषय संपला.

दुसरं, खूण कुठे सुरू होते? सुराच्या डोक्याच्या नेमक्या वर किंवा खाली सुरू होऊन पुढे जाणारी खूण त्या सुराशी बांधलेली असते. दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत सुरू होणारी बहुधा हेअरपिन.

तिसरं, त्या खुणेखाली काय हलतंय? एकच लांब सूर धरलेला आहे आणि दुसरा हातही थांबलेला आहे, तर पियानोवर डिमिन्युएंडो करणार कसा? वाजवल्यावर सूर आपोआपच विरतो. तिथे ॲक्सेंट हा अर्थ जास्त पटतो. पण हा पुरावा पक्का मानू नका. या काळातले संगीतकार पियानोला न जमणारं मनातलंही लिहून ठेवत.

चौथं, लगेच पुढे काय लिहिलंय? पुढच्याच बारवर स्वतंत्र 'डिम.' असेल तर ही खूण पुन्हा तेच सांगत असेल असं वाटत नाही.

मझुर्कातल्या त्या सुरावर हे चारही लावल्यावर उत्तर निघालं: लांब ॲक्सेंट. मी दणका दिला तो चूक, मिसनी नुसतं विरवलं तेही पुरतं बरोबर नाही. मिसना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग वाजवून दाखव." ते जमायला आणखी दोन महिने गेले.

६. 'तिथे आहे म्हणून इथेही' हा मोह आवरा

एखादी चाल परत येते. पहिल्यांदा तिच्यावर ॲक्सेंट, दुसऱ्यांदा नाही. जुने संपादक दोन्ही जागा सारख्या करून टाकतात.

निर्णय घेण्याआधी हस्तलिखित बघा. शोपाँ जसाच्या तसा परत येणारा भाग अनेकदा पुन्हा लिहीत नाही. रिकामे बार आखतो, त्यांत आकडे किंवा अक्षरं टाकतो, आणि कारागिराने मागचे बार उचलून तिथे भरायचे. अशा ठिकाणी परतीच्या जागेतला फरक कारागिराचा, तो खुशाल सारखा करा. पण परतीची जागा त्याने पूर्ण लिहून काढली असेल आणि तरी खुणा वेगळ्या असतील, तर हात लावू नका. एका जागेवर खूण नसणं हीदेखील माहिती असते.

७. शिष्यांच्या प्रती

जेन स्टर्लिंग, मादाम दुब्वा अशा शिष्यांच्या छापील प्रतींवर शोपाँच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. आधुनिक टीपांत त्यांचे उल्लेख येतात. मोलाच्या आहेत, पण शिकवणीत मारलेली खूण समोरच्या विद्यार्थ्याच्या चुकीसाठी असते. माझ्या प्रतीत मिसनी एका सुराभोवती लाल गोल केलाय तो मी तो सूर सतत गिळते म्हणून. शंभर वर्षांनी कुणी त्याला सर्वसाधारण सूचना समजू नये म्हणजे झालं.

८. आता पियानोवर बसा

ॲक्सेंट म्हणजे मोठा आवाज, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पियानोवादक चार्ल्स हॅलेने आपल्या आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग यावर उतारा आहे. शोपाँ मझुर्का वाजवताना बारच्या पहिल्या सुरावर इतका रेंगाळे की तीनऐवजी चार मात्रा ऐकू येत. हॅलेने तसं म्हटल्यावर शोपाँने साफ नाकारलं. मग हॅलेने त्याला वाजवायला लावलं आणि स्वतः मोठ्याने चार मोजले, ते बरोबर बसले. शोपाँ हसला आणि म्हणाला की हा त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे. संगीतकार मायरबेअरला मात्र हे भोवलं. ओपस ३३मधली सी मेजर मझुर्का दोन मात्रांची आहे असं त्याने म्हटलं, आणि शिष्य लेंत्सच्या सांगण्यानुसार शोपाँ भयंकर चिडला.

म्हणजे जोर दोन प्रकारे देता येतो, वजनाने आणि वेळेने. साध्या ॲक्सेंटला मी बोटाचं थोडं वजन देते, वेळ देत नाही. लांब ॲक्सेंटला खांद्यापासून हात सैल सोडते, सूर किंचित रेंगाळू देते आणि पुढचे दोनतीन सूर त्याच्या सावलीत ठेवते. मझुर्कात तर ॲक्सेंट दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर येतात. पहिल्या मात्रेवर सम धरायची सवय असलेल्या आपल्या कानांना ते सुरुवातीला घसरल्यासारखे वाटतात. टाळी देऊन, बोटं न लावता, आठवडाभर म्हणून बघा.

'एफझेड'चं माप भोवतालच्या आवाजावरून ठरवायचं. ओपस २८मधला सतरावा प्रेल्यूड, ए फ्लॅट मेजर, उघडा. शेवटच्या भागात वर सगळं अगदी हळू, आणि खाली बासमध्ये एकच ए फ्लॅट पुन्हापुन्हा, 'एफझेड'सह. पादेरेव्स्की मादाम दुब्वांच्या हवाल्याने सांगायचा की शोपाँ तो सूर दर वेळी त्याच जोराने वाजवी, वरचं संगीत कितीही विरत गेलं तरी. जुन्या गढीतल्या घड्याळाचे अकरा टोले, अशी त्याची कल्पना होती. ही तोंडातोंडी आलेली गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा. पण कागदाशी ती जुळते. मी हे शेवटचं पान आधी फक्त डाव्या हाताने, नुसते टोले वाजवून बसवलं. टोला घुमला पाहिजे, आपटता कामा नये, आणि पेडल त्याच्याबरोबर खाली जायला हवं. वरचा हात नंतर.

९. शोपाँची किल्ली दुसऱ्या कुलपाला लावू नका

शूबर्टची ॲक्सेंटची पाचर तर शोपाँहूनही मोठी असते, आणि ॲक्सेंट की डिमिन्युएंडो हा वाद तिथे जास्त जुना आहे. मोठ्या सी मेजर सिंफनीचा अगदी शेवटचा सूरसुद्धा त्यातून सुटलेला नाही. शिवाय प्रकाशकांचे हात: जी फ्लॅटमधला प्रसिद्ध इंप्रॉम्प्टू, ओपस ९०मधला तिसरा, १८५७मध्ये पहिल्यांदा छापला गेला तो जी मेजरमध्ये. स्वरपट्टीच बदलणाऱ्याने ॲक्सेंट जसेच्या तसे ठेवले असतील यावर विसंबू नका.

शूमानचा घोळ वेगळा. त्याने स्वतःच आपल्या काही रचना वर्षांनी पुन्हा काढल्या: क्राइस्लेरिआना १८३८ आणि १८५०, डाविड्सब्युंडलरटेंत्से १८३७-३८ आणि १८५०. दोन्ही त्याच्याच. त्यानंतर पत्नी क्लाराच्या आवृत्त्या. कोणती आवृत्ती वाजवताय ते आधी ठरवा, मिसळ करू नका.

ब्राम्सकडे स्रोतांची भांडणं कमी, कारण तो प्रुफं स्वतः बारकाईने बघे आणि त्याच्या स्वतःच्या वापरातल्या दुरुस्त प्रती व्हिएन्नात जपल्या आहेत. त्याच्याकडे गोंधळ अर्थाचा आहे. उघडून लगेच मिटणारी छोटी हेअरपिन तो वारंवार वापरतो. क्लारा शूमानची शिष्या फॅनी डेव्हिस हिने त्याला वाजवताना ऐकलं होतं. तिच्या सांगण्याप्रमाणे तो तिथे आवाजातच नव्हे, लयीतही ऊब आणत असे, एकाच सुरावर नव्हे, तर अख्ख्या कल्पनेवर मन गुंतल्यासारखा रेंगाळे.

१०. तुमच्या प्रतीवर काय लिहायचं

हस्तलिखितात असलेली खूण: हिरवी. छापील पहिल्या आवृत्तीत आहे, पण उगम नक्की नाही: निळी. नंतरच्या संपादकाची: लाल, खोडायची नाही. लाल खुणांपैकी काही मी वाजवतेही, कारण चांगल्या वादकाचा सल्ला फुकट मिळतोय. फक्त तो सल्ला आहे हे मला दिसत राहतं.

परीक्षा देणार असाल तर त्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आवृत्तीबद्दल काय म्हटलंय ते आधी वाचा, आणि वाद असलेल्या जागांची एका ओळीची नोंद शिक्षकांना दाखवा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. बोटांना एक ॲक्सेंट विसरायला, माझ्या अनुभवाने, नवा शिकण्याच्या दुप्पट वेळ लागतो.